मिसर सुटला, मिसर सुटेना

नील नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या पूर्व टोकाहून कनान देशाकडे जाणारा जवळचा रस्ता भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने जात असे. तिसरा थुतमोस हा मिसरचा पराक्रमी राजा इ. स. पू. पंधराव्या शतकात आपली फौज घेऊन याच रस्त्याने निघाला आणि नऊ-दहा मजलांत गाझाला पोचला. पुढे पहिल्या सेती राजाने या रस्त्यावरील आपल्या मोहिमेची चित्रे कर्नाकच्या देवळाच्या बाहेरील भिंतीवर कोरवून घेतली. त्यांत एकामागून एक येणारी ठाणी, ठाण्यांलगतच्या विहिरी व तळी, आणि सरहद्दीवरचा मगरींनी भरलेला कालवा इतक्या बारकाईने दाखविला आहे की या रस्त्याने परवान्यावाचून जाऊ पाहणाऱ्याची काय गत होत असेल याविषयी पाहणाऱ्याच्या मनात संशय उरत नाही.

यहुदी लोकांच्या सभास्थानांत तोरा ग्रंथाचा एकेक भाग दर शब्बाथला वाचून वर्षाअखेर ग्रंथाचे पारायण पुरे करण्याचा जो शिरस्ता आहे, त्यात जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास ‘बेशलाह’ नावाचा पाठ येतो. निर्गम ग्रंथाच्या तेराव्या अध्यायाच्या मध्यापासून सतराव्या अध्यायाच्या शेवटापर्यंतचा हा भाग होय. त्याचा आरंभच या जवळच्या रस्त्याच्या उल्लेखाने होतो, आणि तोही तो रस्ता टाळल्याच्या कारणासह. वेठबिगारीतून नुकत्याच सुटलेल्या इस्राएल लोकांना देवाने पलिष्ट्यांच्या मुलखातून नेले नाही, कारण लढाई समोर दिसताच त्यांचे मन फिरेल आणि ते मिसरला परत जातील, असे तेथे सांगितले आहे. इतिहासाचे अभ्यासक या वाक्यापाशी थबकतात ते निराळ्या कारणाने: पलिष्टी लोक त्या किनाऱ्यावर स्थायिक झाले ते तिसऱ्या रामसेसच्या कारकीर्दीत, म्हणजे इ. स. पू. ११७५ च्या आसपास. तेव्हा लिहिणाऱ्याने आपल्या काळचे नाव मागच्या काळाला लावले असले पाहिजे. परंतु मला त्या वाक्यातील कालविपर्यासापेक्षा त्यातील भीती अधिक महत्त्वाची वाटते. फारोची फौज पाठीवर येईल ही चिंता पुढची. पहिली चिंता अशी की ज्यांना सोडविले तेच मागे वळतील. या पाठाचा आणि तो वाचणाऱ्या लोकांचा पुढील दोन-अडीच हजार वर्षांचा इतिहास चाळला, तर ही चिंता किती साधार होती हे दिसून येते.

कथाभाग मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही. योसेफाच्या अस्थी बरोबर घेऊन मोशे निघतो, दिवसा मेघाचा आणि रात्री अग्नीचा स्तंभ वाट दाखवितो, समुद्रकाठी मिग्दोलजवळ तळ पडतो. तिकडे फारोला पश्चात्ताप होतो आणि सहाशे निवडक रथ जुंपून तो पाठलागावर निघतो. मागे रथांची धूळ आणि पुढे पाणी अशा पेचात सापडलेले लोक देवाचा धावा करतात खरे, पण लगोलग मोशेला विचारतात की मिसरात थडगी कमी होती म्हणून आम्हांला रानात मरायला आणलेस काय. थडग्यांच्याच देशाविषयी काढलेला हा उपरोध इतका झोंबणारा आहे की तो ग्रंथात जपून ठेवणाऱ्यांच्या धैर्याचे नवल वाटते. रात्रभर पूर्वेचा वारा सुटतो, पाणी दुभंगते, लोक कोरड्या जमिनीवरून पार होतात आणि पहाटे रथांसह सैन्य बुडते. त्यानंतर मोशेचे समुद्रगीत येते आणि मोशेची बहीण मिर्याम डफ घेऊन स्त्रियांसह नाचते. फ्रँक मूर क्रॉस आणि डेव्हिड नोएल फ्रीडमन यांच्यासारख्या विद्वानांनी हे गीत भोवतालच्या गद्याहून जुने, हिब्रू काव्याच्या अगदी प्राचीन थरातले मानले आहे. हे गीत चर्मपटावर लिहिण्याची रीतही स्वतंत्र आहे. इतर मजकूर सलग ओळींत असतो, पण येथे लेखनिक प्रत्येक ओळीत मोकळ्या जागा सोडतो आणि खालच्या ओळीतील मजकूर वरच्या मोकळ्या जागेखाली आणतो, म्हणजे गवंडी सांध्यावर सांधा येऊ न देता वीट रचतो तशी अक्षरांची भिंत उभी राहते. पाठ वाचताना हा भाग आला की बहुतेक सभास्थानांत सारे लोक उभे राहतात, आणि या गीतामुळे त्या शब्बाथलाच ‘गीताचा शब्बाथ’ असे नाव पडले आहे.

गीत संपते आणि तीनच दिवसांनी कुरकुर सुरू होते. मारा येथले पाणी कडू निघते. एलीम येथे बारा झरे आणि सत्तर खजुरीची झाडे मिळतात, पण तेथला मुक्काम टिकत नाही. मिसर सोडल्याला जेमतेम महिना होतो तो लोकांना मांसाच्या हंड्या आणि पोटभर भाकरी आठवू लागतात. वेठबिगारांना मिसरात मांसाच्या हंड्या खरोखर किती वेळा दिसल्या असतील हा प्रश्न ग्रंथ विचारीत नाही. आठवणीतली हंडी नेहमी भरलेलीच असते. संध्याकाळी लावे पक्ष्यांचे थवे तळावर उतरतात, आणि सकाळी दव ओसरल्यावर जमिनीवर धण्यांसारखे पांढरे, मधात घोळलेल्या पापडीच्या चवीचे काही पसरलेले दिसते. हाच मान्ना.

मान्नाचे नियम एखाद्या कोठीच्या कारभाऱ्याने घालून द्यावे तसे रोखठोक आहेत. माणशी एक ओमेर, म्हणजे आजच्या मापाने दोन लिटरांहून थोडे अधिक; ज्याने जास्त गोळा केले त्याचे मापात जास्त भरत नाही, ज्याने कमी केले त्याचे उणे पडत नाही. उद्यासाठी ठेवाल तर किडे पडतील. मात्र सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करावे, कारण सातव्या दिवशी काही मिळणार नाही; आणि त्या दिवशी साठविलेले नासतही नाही. सीनाय पर्वतावर आज्ञा मिळण्याच्या आधीच शब्बाथ पाळण्याचा प्रत्यक्ष धडा लोकांना येथे मिळाला, तोही उपदेशातून नव्हे तर रोजच्या शिध्यातून. तरीही सातव्या दिवशी काही जण टोपल्या घेऊन रानात गेलेच, आणि रिकाम्या हाताने परतले.

या मान्नाचा शोध अनेकांनी घेतला. पहिल्या शतकात योसेफस या यहुदी इतिहासकाराने तो पदार्थ त्या प्रदेशात अजूनही पडतो असे लिहून ठेवले आहे. १९२७ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ एफ. एस. बोडेनहाइमर याच प्रश्नासाठी सीनायच्या रानात उतरले. झाऊच्या झाडांवर राहणारे खवलेकिडे झाडाचा रस शोषतात. त्या रसात साखर फार व नत्र थोडे असल्यामुळे नको असलेली साखर ते थेंबाथेंबाने बाहेर टाकतात, आणि कोरड्या हवेत ते थेंब सुकून त्यांचे पांढुरके, गोड कण बनतात. आपल्या शेतकऱ्याला पिकावरचा चिकटा माहीत आहे. त्याच जातीचा हा प्रकार. ऊन चढून जमीन तापली की मुंग्या बाहेर पडतात आणि हे कण उचलून नेतात, तेव्हा गोळा करायचे ते सकाळीच. पाठातील पुष्कळ तपशील या निरीक्षणाशी चांगले जुळतात. दुप्पट पडण्याचा शुक्रवार मात्र कोणत्याही किड्याला ठाऊक नाही, आणि एका मोसमात सबंध द्वीपकल्पात मिळून जे थोडेसे जमते त्यावर एक लहानसा तांडाही जगणार नाही.

रफीदीम येथे पुन्हा पाण्यासाठी तंटा होतो, मोशे खडकावर काठी मारतो; अमालेकी लोक हल्ला करतात, यहोशवा लढतो, आणि टेकडीवर मोशेचे उचललेले हात खाली येऊ नयेत म्हणून अहरोन व हूर ते दोन बाजूंनी धरून ठेवतात. येथे पाठ संपतो.

हे सारे घडले कधी, आणि घडले का? आदल्या पाठात पायी चालणारे पुरुषच सहा लक्ष सांगितले आहेत. बायकामुले धरता हा समाज वीस लाखांच्या पलीकडे जातो, आणि त्या काळच्या सबंध मिसर देशाची वस्ती तीस-चाळीस लाखांच्या आसपास असावी असा अभ्यासकांचा अदमास आहे. एवढे लोक गेले असते तर देश ओस पडला असता आणि सीनायच्या वाळूत त्यांच्या मुक्कामांच्या खुणा राहिल्या असत्या. १९६७ नंतर इस्रायली पुरातत्त्वज्ञांनी त्या रानाची कसून पाहणी केली. त्यांना अतिप्राचीन काळच्या लहानसहान वस्त्या सापडल्या, पण या समाजाचा एकही तळ सापडला नाही. मिसरच्या दप्तरात ‘इस्राएल’ हे नाव निर्विवादपणे एकदाच येते. १८९६ साली फ्लिंडर्स पेट्री यांना थीब्झ येथे मेर्नेप्ताह राजाचा जो शिलास्तंभ सापडला, त्यावर इ. स. पू. १२०८ च्या सुमारास कनानमध्ये चिरडलेल्या शत्रूंच्या यादीत हे नाव आहे. आणि नाव कोरताना नगराची खूण न लावता लोकसमूहाची खूण लावली आहे. म्हणजे ज्या नोंदीत हे लोक प्रथम दिसतात, तीत ते नष्ट झाल्याचीच बातमी आहे. राजेलोकांच्या बखरींवर किती विसंबावे याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

मोठ्या निर्गमनाची नोंद नाही, पण लहान निर्गमनांच्या आहेत. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या अनास्तासी संग्रहातील पाचव्या पपायरसात, दुसऱ्या सेतीच्या काळातले, इ. स. पू. १२०० च्या आसपासचे एक पत्र उतरून घेतलेले आहे. शिकाऊ कारकुनांना गिरवण्यासाठी ठेवलेल्या नमुन्यांपैकी ते एक होय. त्यात सरहद्दीवरच्या तिरंदाजांचा एक नायक दुसऱ्या अधिकाऱ्यांना कळवितो, की राजवाड्यातून पळालेल्या दोन गुलामांच्या मागावर मला संध्याकाळी रवाना केले; दुसऱ्या दिवशी मी चेकूच्या ठाण्यावर पोचलो तो ते दक्षिणेकडे निसटल्याचे समजले; किल्ल्यापाशी आलो तेव्हा रानातून आलेल्या जासुदाने सांगितले की सेतीच्या मिग्दोलच्या उत्तरेकडून ते तटापलीकडे गेले. मग तो विचारतो, की त्यांचा माग कोणाला लागला, कोणत्या पहाऱ्याला लागला, पाठीवर कोणाला पाठविले आहे, याचा तपशील लिहून कळवावा. चेकू म्हणजे बायबलातील सुक्कोथ असे बहुतेक विद्वान मानतात, आणि मिग्दोल हे नाव तर पाठात जसेच्या तसे आहे. सहा लक्षांच्या जागी दोन माणसे ठेवली की तोच रस्ता, तीच ठाणी, तोच पाठलाग डोळ्यांपुढे उभा राहतो. त्या दोघांचे पुढे काय झाले ते पत्रात नाही. पण त्यांच्यासारखे अनेक दोघे आणि चौघे त्या नाक्यांवरून निसटले असतील, आणि त्यांतील काहींच्या आठवणींना पुढे एका मोठ्या समाजाने आपले पूर्वचरित्र मानले असेल, ही कल्पना मला सहा लक्षांच्या हिशेबाहून अधिक पटते.

परंतु या लेखाचा खरा विषय पुढेच आहे. ज्या पाठात मिसरवासी पुन्हा कधी दृष्टीस पडणार नाहीत असे मोशेने लोकांना बजावले, आणि ज्या वचनावरून पुढे धर्मशास्त्रकारांनी मिसरात परत वस्ती करण्यास मनाई केली, त्या पाठाचा इतिहास बव्हंशी मिसरातच घडला. इ. स. पू. ५८६ मध्ये बाबिलोनी लोकांनी जेरुसलेम जाळले, त्यानंतर उरलेल्यांपैकी एक मोठा गट जीव वाचविण्यासाठी निघाला तो मिसरकडे. यिर्मया संदेष्ट्याने हात जोडून नको म्हटले, तर त्यालाही त्यांनी बरोबर नेले. सुटकेची वाट आता उलट्या दिशेने तुडवली जात होती.

इ. स. पू. पाचव्या शतकात आस्वानजवळच्या एलेफँटाइन बेटावर इराणी बादशहाच्या चाकरीत यहुदी शिपायांची एक छावणी होती. त्यांचे स्वतःचे देऊळ होते, बायकापोरे होती, घरजागेचे तंटे होते, आणि या साऱ्यांचे आरमाई भाषेतले कागद कोरड्या हवेमुळे टिकून राहिले. त्यांत इ. स. पू. ४१९ मधला एक खलिता आहे. हनन्या नावाचा यहुदी अधिकारी छावणीचा मुख्य यदन्या याला बादशहा दुसऱ्या दारयवहूच्या फर्मानाचा हवाला देऊन लिहितो, की निसान महिन्याच्या पंधराव्यापासून एकविसाव्यापर्यंत शुद्ध राहावे आणि खमीर घातलेले काही सेवू नये. म्हणजे मिसरातून सुटल्याचा वल्हांडण सण मिसरातच आणि इराणच्या सरकारी परवानगीने साजरा होत होता! गंमत अशी की त्या कागदांत अहिकार नावाच्या चतुर मंत्र्याची कथा सापडली, पहिल्या दारयवहूच्या बेहिस्तून लेखाची नक्कल सापडली, पण तोराचे एकही पान मिळाले नाही. पुढे इ. स. पू. ४१० मध्ये शेजारच्या ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांनी इराणी सुभेदाराला हाताशी धरून ते देऊळ पाडले, आणि ते पुन्हा बांधू द्यावे म्हणून यहुद प्रांताच्या इराणी अंमलदाराकडे केलेल्या अर्जाच्या प्रतीही उपलब्ध आहेत. अर्जदारांनी तीन वर्षे गोणपाट नेसून उपास केल्याचे लिहिले आहे. मिसर सोडून जाण्याचा विचार मात्र अर्जात कोठे दिसत नाही.

अलेक्झांड्रियात तर हा समाज वैभवाला चढला. इ. स. पू. तिसऱ्या शतकात तेथेच तोराचे ग्रीक भाषांतर झाले. मग निर्गमाची कथा ग्रीक वाचणाऱ्या मिसरवासीयांच्याही हाती पडली आणि त्यांना ती रुचली नाही हे सांगावयास नको. मानेथो या मिसरी पुरोहिताने ग्रीकमध्ये आपल्या देशाचा इतिहास लिहिला. त्याच्या नावावर योसेफसने जी कथा उद्धृत केली आहे, तीत हे लोक म्हणजे दगडखाणीत कोंडलेले महारोगी, आणि त्यांचा पुढारी मोशे म्हणजे ओसारसेफ नावाचा फितूर पुजारी. गुलामांनी लिहिलेल्या इतिहासाला मालकांनी दिलेले हे उत्तर होय. दुसऱ्या बाजूने एझेकिएल नावाच्या यहुदी कवीने निर्गमावर ग्रीक वृत्तांत एक शोकनाट्य रचले. त्याच्या २६९ ओळी उरल्या आहेत. समुद्राचा प्रसंग रंगभूमीवर कसा दाखवावा हा पेच त्याने ग्रीक नाटककारांच्या धाटणीने सोडविला: बुडता बुडता वाचलेला एक मिसरी शिपाई येतो आणि आपल्याच फौजेच्या नाशाचा वृत्तांत सांगतो. शत्रूच्या तोंडून ही हकीकत वदवून घेण्याची हुशारी मला फार आवडते. याच नगराजवळ मारेओटिस सरोवराच्या काठी राहणाऱ्या थेराप्यूत नावाच्या विरक्त पंथाचे वर्णन फिलोन या तत्त्वज्ञाने केले आहे. सणाच्या रात्री त्यांतील पुरुषांचा एक आणि स्त्रियांचा एक असे दोन गायकवृंद उभे राहत, मग मोशे आणि मिर्याम यांच्या अनुकरणाने दोन्ही एक होऊन उजाडेपर्यंत गात. मिसरच्या भूमीवर उभे राहून मिसरच्या पराभवाचे गीत गाण्यात त्यांना काही विसंगती वाटल्याचे फिलोन लिहीत नाही.

हजार वर्षांनंतरचे दृश्य जुन्या कैरोतील, म्हणजे फुस्तात नगरातील. तुदेलाचा बेन्यामीन हा यहुदी प्रवासी ११७० च्या सुमारास तेथे आला, तेव्हा त्याला एकाच गावात दोन सभास्थाने दिसली. एक बाबिलोनी पद्धतीचे, जेथे पारायण एका वर्षात पुरे होई. दुसरे शामी, म्हणजे पॅलेस्टाइनच्या पद्धतीचे, जेथे प्रत्येक पाठाचे तीन तुकडे करून तेच पारायण तीन वर्षांत होई. तेव्हा एका मोहल्ल्यातील लोक मिसर सोडून, समुद्र ओलांडून, मान्ना खाऊन अमालेकाशी लढून मोकळे होत, त्याच शब्बाथला पलीकडच्या गल्लीतील लोक कदाचित अजून विटाच थापीत असत. मात्र पारायण समाप्तीच्या सणाला दोन्ही सभा एकत्र प्रार्थना करीत.

याच फुस्तातमध्ये मोशे बेन मैमोन, म्हणजे युरोपने ज्याला मैमोनिदेस म्हटले तो महापंडित राहत होता. आपल्या धर्मसंहितेत मिसरात कायम वस्ती करणे निषिद्ध असे त्याने स्वच्छ लिहिले, व्यापारासाठी येणेजाणे तेवढे चालेल अशी सवलत दिली, आणि १२०४ मध्ये मरेपर्यंत स्वतः मिसरातच राहिला. आपण रोज तीन निषेध मोडतो असे तो पत्राखाली सहीत लिहीत असे, अशी दंतकथा पुढे रूढ झाली. ती खरी नसली तरी लोकांना ही अडचण जाणवत होती एवढे तीवरून कळते. त्रैवार्षिक पारायणावर त्याची नापसंती होती, पण शामी मंडळींनी आपला शिरस्ता त्याच्या हयातीत सोडला नाही. त्यांच्याच सभास्थानाच्या माळ्यावरील ‘गेनिझा’ नावाच्या कोठीत टाकलेले जुने कागद सॉलोमन शेख्टर यांनी १८९६-९७ च्या हिवाळ्यात पोत्यांत भरून केंब्रिजला नेले. त्यांची संख्या १,९३,००० च्या घरात जाते. मेर्नेप्ताहचा शिलास्तंभ आणि हा खजिना एकाच देशात, एकाच वर्षात उजेडात यावा, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

त्या कागदांत मैमोनिदेसचा धाकटा भाऊ दावीद याचे एक पत्र आहे. दावीद जवाहिराचा व्यापारी होता. नीलवरच्या कूस गावाहून तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरापर्यंतचे वाळवंट त्याने, तांडा सोडून, एका सोबत्यासह ओलांडले. आपण हे केवळ अज्ञानाने केले असे तो कबूल करतो. मागून आलेल्या तांड्याला दरोडेखोरांनी लुटले, काही माणसे तहानेने मेली, आणि हे दोघे वेडे मात्र सुखरूप पोचले. बंदरात घेण्याजोगा माल पाहिला तर निळीखेरीज काही नव्हते. एवढी यातायात करून रिकामे परतण्यापेक्षा हिंदुस्थानला जावे असे त्याने ठरविले, आणि घरी माझ्या बायकोला धीर द्या, असे भावाला लिहिले. त्याच सफरीत तो हिंदी महासागरात बुडाला. ज्याने मिसरातील यहुद्यांना धर्म शिकविला तो भाऊ या धक्क्याने सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळला होता, असे त्यानेच पुढे एका पत्रात लिहिले आहे.

ज्या किनाऱ्याकडे दावीद निघाला होता, त्या देशातील यहुद्यांविषयी मैमोनिदेसने उतारवयात फ्रान्समधील ल्युनेल गावच्या पंडितांना एका ओळीत कळविले आहे: त्यांना लिखित शास्त्राचे ज्ञान नाही, ते शब्बाथला काम करीत नाहीत आणि आठव्या दिवशी सुंता करतात, एवढाच त्यांचा धर्म. हे लोक कोणत्या बंदरावरचे हे त्याने लिहिलेले नाही. पण कोकणच्या बेने इस्राएलांशी हे वर्णन इतके जुळते की ते वाचताना कुलाब्याच्या किनाऱ्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. अलिबागेजवळ नवगाव येथे तारू फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या तगून किनाऱ्याला लागल्या, ग्रंथ समुद्रात गेले, असे त्यांची परंपरा सांगते. त्यांच्याजवळ तोरा नव्हती, म्हणून साप्ताहिक पाठही नव्हता. वल्हांडणाच्या दिवसांत ते आंबटाचे भांडे झाकून ठेवीत आणि त्या सणाला ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणत. खमीर वर्ज्य करण्याचा आचार राहिला होता आणि मिसर, फारो, समुद्र ही सारी कथा विरून गेली होती. ते तेलाचे घाणे चालवीत, आणि शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारपाजारचे लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मान्नाचा अध्याय ज्यांनी कधी ऐकला नव्हता, त्यांनी त्यातला नियम मात्र पिढ्यान्‌पिढ्या मोडला नव्हता. फुस्तातच्या पंडिताला हे अज्ञान वाटले. ग्रंथ हाती असून मिसरात राहणाऱ्या आणि ग्रंथावाचून शब्बाथ पाळणाऱ्या या दोन समाजांत निवाडा करण्याचा अधिकार मला नाही, परंतु माझा कल कोणाकडे आहे हे वाचकांनी ओळखले असेल.

कोकणात पाठ आला तो एका कैद्याच्या सुटकेतून. समाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल एझेकिएल, हा कंपनीच्या फौजेतील बेने इस्राएल अंमलदार म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. कैदेतून सुटका झाल्यावर कृतज्ञता म्हणून त्याने १७९६ साली मुंबईत मांडवी भागात या समाजाचे पहिले सभास्थान बांधले. इमारत झाली, पण तीत वाचायला ग्रंथ हवा होता; तो आणण्यासाठी दिवेकर कोचीनला गेला आणि पुढच्याच वर्षी तेथे वारला. त्यानंतर कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी कोकणी मंडळींना हिब्रू पाठ म्हणायला शिकविले. १८३२ साली डॉ. जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत छापले; १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हग्गादा मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाला. १८७४ साली पुण्यात छापलेल्या सचित्र हग्गाद्यात लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दाखविल्या आहेत. आणि १८८० च्या सुमारास बेने इस्राएलांतील काही उत्साही मंडळींनी हरिदासी कीर्तनाचा थाट उचलून अब्राहाम, योसेफ आदी पूर्वजांची आख्याने साकी, दिंडी, ओवीत रचून मुंबईत उभी केली. ती ऐकायला, लेखी पाठ ज्यांना अजून नीट वाचता येत नव्हता, अशा बायकाही मोठ्या संख्येने येत.